चारशे बारा चेहऱ्यांची फाइल

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता.

म्हणजे होता. पण मागच्या निवडणुकीत तो पडला आणि आता शेजारच्या जंगलात सल्लागार आहे. तेव्हा या गोष्टीत सिंह येणार नाही. ज्यांना सिंहच हवा असेल त्यांनी आत्ताच उठावं, हात धुवावेत आणि जेवायला बसावं.

उठलं का कोणी? नाही ना? मग नीट ऐका.

सिंहाच्या जागी अध्यक्ष म्हणून निवडून आले रानगवा आबासाहेब. आबासाहेब मनाने वाईट नव्हते. अंगाने मोठे होते, आवाजाने मोठे होते, आणि स्वतःचा चेहरा दिसला की त्यांना बरं वाटायचं. ओढ्यावर गेले की पाणी प्यायच्या आधी बराच वेळ नुसतेच पाण्यात बघत उभे राहायचे. मागे रांग लागायची. हरणांची पिल्लं तहानेने रडायची, पण कोणी काही बोलायचं नाही.

त्या जंगलात एक कॉम्प्युटरही होता. दोन पायांचे काही प्राणी एकदा वाघ मोजायला आले होते. त्यांनी झाडाझाडाला कॅमेरे बांधले, चौकीत कॉम्प्युटर मांडला, आणि मोजता मोजता त्यांची बदली झाली. कॅमेरे राहिले, कॉम्प्युटरही राहिला. चौकीच्या छपरावर उन्हातून वीज करणारी काच होती, तीही राहिली. आबासाहेबांनी चौकीवर पाटी लावली आणि तिचं दप्तर करून टाकलं.

दप्तराचे सचिव होते धनेशपंत. धनेश पाहिलाय का तुम्ही? मोठा पक्षी असतो, त्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते. अशी चोच असली की माणूस काहीही बोलला तरी महत्त्वाचं वाटतं. पक्ष्याचंही तसंच आहे.

दिवसभरात कॅमेऱ्यांनी जे जे टिपलं, त्याची रोज एक व्हिडिओ फाइल व्हायची आणि कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये जायची. अशा चौसष्ट दिवसांच्या चौसष्ट फाइली जमल्या होत्या. त्यांच्यासाठी धनेशपंतांनी दोन नियम केले होते.

पहिला नियम नावाचा. प्रत्येक फाइलीचं नाव असं सुरू व्हायचं : ‘वनभूषण, कुरणरत्न, पाणवठ्यांचे शिल्पकार माननीय आबासाहेब यांच्या आशीर्वादाने’. त्यानंतर तारीख. पण एवढं लांब नाव पडद्यावरच्या खिडकीत मावत नसे. ‘शिल्पकार’पर्यंत दिसायचं, पुढचं कापलं जायचं. त्यामुळे चौसष्ट फाइलींची नावं दिसायला एकसारखी होती आणि कोणती कोणत्या दिवसाची ते कळत नव्हतं.

दुसरा नियम मुखचित्राचा. पुस्तकाला जसं मुखपृष्ठ असतं, तसं प्रत्येक फाइलीला एक चित्र चिकटवायचं. एरवी आबासाहेबांचा एकट्याचा चेहरा. पण त्या दिवशी कोणाचा वाढदिवस असला तर मधोमध त्याचा चेहरा, वर आबासाहेब, आणि खाली रांगेने शुभेच्छुकांचे चेहरे.

तुमच्या गावात असे फलक लागत नाहीत, हे मला माहीत आहे. तुमच्या गावात सगळे साधे लोक आहेत. पण जंगल ते जंगल.

तर एका सोमवारी खुद्द आबासाहेबांचा वाढदिवस आला. धनेशपंतांनी मुखचित्र तयार केलं. मधोमध आबासाहेब, वर आबासाहेब, आणि खाली चारशे बारा शुभेच्छुक.

ते बघायला अख्खं जंगल दप्तरात लोटलं. आणि तक्रारी सुरू झाल्या.

“माझे दात दिसत नाहीत,” तरस म्हणाला. “दात नसतील तर लोक मला कुत्रा समजतील.”

“माझ्या पिसाऱ्यातले डोळे मोजता आले पाहिजेत,” मोर म्हणाला.

“मी तिसऱ्या रांगेत हाय का न्हाई?” अनसाबाई साळिंदरीण म्हणाली. “सगळी काळी काळी टिंबंच दिसत्यात.”

धनेशपंत कोणाला दुखवत नसत. त्यांनी चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. प्रत्येकाच्या मिशीचा केस न् केस दिसेपर्यंत मोठं करत गेले. शेवटी ते चित्र एवढं झालं की उलगडून जमिनीवर पसरलं असतं तर ओढ्यापासून टेकडीपर्यंत पुरलं असतं. सगळ्यांचं समाधान झालं. पंतांनी ते चित्र सोमवारच्या फाइलीला चिकटवलं आणि त्याचाच एक फलक नाक्यावरही लागला.

संध्याकाळी जेवण झालं. प्रत्येकाच्या पानावर दोन दोन कंद होते. कंद फार गोड होते. कुठून आले ते कोणी विचारलं नाही. वाढदिवसाच्या जेवणात असं विचारत नसतात.

मंगळवारी सकाळी बोंब झाली. सार्वजनिक कंदबाग उकरलेली होती!

ही बाग सगळ्या जंगलाची. उन्हाळ्यात पाला सुकला की खायला काहीतरी असावं म्हणून राखून ठेवलेली. तिच्यात सहा मोठे खड्डे पडले होते आणि कंद गायब होते. खड्ड्यांच्या काठावर तीन काटे सापडले. काळेपांढरे, लांब. साळिंदराचे.

जंगलात साळिंदराचं घर एकच. अनसाबाई आणि तिची दोन पिल्लं.

सभा भरली. आबासाहेबांनी काटे उचलून दाखवले.

“अनसाबाई, हे काटे कोणाचे?”

“माझंच हायती,” अनसाबाई म्हणाली. “पण काटं गळत्यात की, आबासाहेब. तुमचं केस गळत न्हाईत व्हय?”

आबासाहेबांच्या डोक्यावर दोन शिंगांच्या मधे थोडी मोकळी जागा होती. तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. आबासाहेब लालबुंद झाले.

“रविवारी दुपारपर्यंत नदीपार व्हायचं,” ते म्हणाले. “बीळ रिकामं करून द्यायचं.”

आता मुलांनो, नदीपार म्हणजे काय ते सांगतो. नदीपार नुसता कातळ. तिथे नखं झिजतील, पण बीळ व्हायचं नाही. अनसाबाईचं इथलं बीळ जांभळाखाली होतं. चार वर्षं खपून तिने ते खणलं होतं. त्याला दोन दारं होती आणि पावसात आत थेंब येत नसे. पिल्लं तिथेच जन्मली होती. त्यांना पोहता येत नव्हतं.

 पण अनसाबाई रडली नाही.

“कंदबागेत कॅमेरा हाय,” ती म्हणाली. “सोमवारचा व्हिडिओ लावा. त्यात मी दिसले तर आजच्या आज जाते. पोरांना पाठीवर घेऊन जाते.” मग तिला आपल्या पाठीवर काय आहे ते आठवलं. “पाठीवर न्हाई. पण नेते कशीतरी.”

हे सगळ्यांना पटलं. सभा उठून दप्तरात गेली. धनेशपंतांनी चोचीने टकटक करून व्हिडिओंचा फोल्डर उघडला.

खिडकी उघडली. आबासाहेबांचे छोटे छोटे चेहरे एकेक करून उमटू लागले. अर्धी खिडकी भरली. मग ती एकदम पांढरी पडली, थिजली आणि मिटली.

पंतांनी पुन्हा उघडली. पुन्हा चेहरे, पुन्हा पांढरी, पुन्हा मिटली.

“बंद करून चालू करा,” तरस म्हणाला.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकरा वेळा केला. मग त्याचं तोंड पूर्वेला केलं. मग त्याला लिंबू-मिरची बांधली. बुधवारी माकडांनी त्याच्या डोक्यावर दोन थापा मारून बघितल्या. गुरुवारी मोराच्या सांगण्यावरून पडद्याचा रंग बदलला, कारण आधीचा रंग उदास होता. तरस म्हणाला, फोल्डर एकदम झटकन उघडा, त्याला कळायच्या आत. धनेशपंतांनी झटकन उघडला. त्याला कळलं.

शुक्रवार उजाडला. अनसाबाईने पिल्लांना ओढ्याच्या उथळ पाण्यात नेऊन पाय मारायला शिकवायला सुरुवात केली. पिल्लांना तो खेळ वाटला. ती खिदळत होती, आणि अनसाबाईला ते बघवत नव्हतं. तिने पिल्लांना काठावर बसवलं आणि ती सरळ सदोबाकडे गेली.

सदोबा हे खवलेमांजर. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. अंगभर खवले, हातभर जीभ आणि स्वभाव कमालीचा लाजरा. कोणी जरा मोठ्याने बोललं की सदोबा अंगाचं वेटोळं करून चेंडू व्हायचा. मग संध्याकाळपर्यंत उघडायचा नाही. एकदा कॉम्प्युटरमध्ये मुंग्या शिरल्या होत्या. त्या खायला तो आत गेला, आणि मुंग्या संपल्यावरही आत बघत बसला. तेव्हापासून त्याला कॉम्प्युटरमधलं कळायला लागलं. पण त्याला कोणी विचारत नसे, कारण त्याला चोच नव्हती.

“सदोबा, भाऊ, चल,” अनसाबाई म्हणाली. “तू गोल झालास तरी चालंल. मी ढकलत नेते.”

सदोबा चालत गेला. दप्तरात गर्दी होती. त्याने खाली मान घालून पहिला प्रश्न विचारला.

“हे कधीपासून होतंय?”

“मंगळवारपासून,” धनेशपंत म्हणाले.

“मग सोमवारी नवीन काय केलं होतं?”

“काहीच नाही,” धनेशपंत म्हणाले. “नेहमीचंच.”

“काहीच नाही,” तरस म्हणाला. “काहीच नाही,” मोर म्हणाला. आणि चारशे बारा जणांनी एका सुरात सांगितलं, की सोमवारी काहीच केलं नव्हतं.

सदोबाने मान हलवली. असंच उत्तर येणार हे त्याला ठाऊक असावं.

मग त्याने काम सुरू केलं. खिडकी उघडल्यापासून मिटेपर्यंत चार श्वास मिळत होते. तेवढ्या वेळात सदोबा लांब जिभेने अर्ध्या फाइली ओढायचा आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा. मंगळवारपासून नवी फाइल आत गेलीच नव्हती, त्यामुळे फाइली अजून चौसष्टच होत्या. बत्तीस इकडे, बत्तीस तिकडे. मग दोन्ही फोल्डर उघडून बघायचे. एक फोल्डर व्यवस्थित उघडायचा. दुसरा पांढरा पडायचा.

“जो पांढरा पडतो, त्यात खोडी आहे,” सदोबा पुटपुटला. “त्याचेच पुन्हा दोन भाग करायचे.”

बत्तीसचे सोळा झाले, सोळाचे आठ. शनिवारी दुपारी आठाचे चार झाले. गर्दी वाढत चालली होती. दोघीतिघी हरिणी घरून निवडायला पालाच घेऊन आल्या होत्या. चाराचे दोन झाले, तेव्हा माकडं श्वास रोखून बसली. आणि मग एकच फाइल उरली. ती एकटीच असल्यामुळे आता चार श्वाससुद्धा मिळत नव्हते. फोल्डर उघडायचा अवकाश, खिडकी पांढरी.

“ही कोणत्या दिवसाची?” आबासाहेबांनी विचारलं.

नावावरून कळायची सोय नव्हतीच. सदोबाने बाकीच्या त्रेसष्ट फाइली एकेक करून लावून बघितल्या. त्याला रविवारची सकाळ झाली. त्रेसष्टांत सगळे दिवस होते. वाढदिवसाचा सोमवार तेवढा नव्हता.

“म्हणजे ही सोमवारची,” सदोबा म्हणाला.

दप्तरात कुजबुज झाली. धनेशपंत खांबावर चढून बसले आणि चोच वर करून बोलू लागले.

“सभासदहो! ज्या दिवशी चोरी झाली, नेमकी त्याच दिवसाची फाइल बिघडलेली आहे. याचा अर्थ उघड आहे. चोराने ती बिघडवली. माझी सूचना अशी, की ही फाइल तत्काळ काढून टाकावी. कॉम्प्युटर वाचेल आणि अनसाबाईंनाही वेळेत निघता येईल.”

“बरोबर!” आबासाहेब म्हणाले. “पुसून टाका.”

अनसाबाईचे सगळे काटे उभे राहिले. त्या फाइलीत तिचं बीळ होतं, दोन्ही दारं होती, पिल्लं होती. आणि पंतांची चोच ती पुसायला निघाली होती.

“थांबा!” सदोबा ओरडला.

सदोबा ओरडला, हे ऐकून सगळेच थांबले. आपण ओरडलो हे कळताच सदोबाही घाबरला आणि जागच्या जागी गोल झाला. पण मुलांनो, या खेपेला एक वेगळी गोष्ट झाली. चेंडूच्या आतून आवाज येत राहिला.

“फाइल बिघडलेली नाही,” चेंडू म्हणाला. “व्हिडिओ चांगला आहे. मुखचित्र जड आहे. खिडकी उघडली की कॉम्प्युटर प्रत्येक मुखचित्राचं टिकलीएवढं चित्र काढतो. त्याला थंबनेल म्हणतात. सोमवारचं मुखचित्र ओढ्यापासून टेकडीपर्यंत आहे. ते टिकलीएवढं करता करता त्याची शक्ती संपते. ते चित्र काढून टाका, नाहीतर थंबनेल बंद करा.”



“कोणतं चित्र काढून टाका?” आबासाहेबांनी सावकाश विचारलं.

“तुमचं,” चेंडू म्हणाला.

“माझ्या चेहऱ्यामुळे कॉम्प्युटर बंद पडतो?”

चेंडू आणखी घट्ट झाला. आतून बारीक आवाजात ‘हो’ आलं.

आबासाहेबांच्या नाकपुड्या फुलल्या. धनेशपंतांनी लगेच सभेला विचारलं, “आबासाहेबांचं आणि आपणा सर्वांचं चित्र काढून टाकावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पाय वर करावा.”

एकही पाय वर झाला नाही. तरसाला आपले दात आठवले. मोराला आपला पिसारा आठवला. आणि आता खरं सांगतो, तुम्हाला आवडणार नाही : अनसाबाईनेही पाय वर केला नाही. तिसऱ्या रांगेत तिचा चेहरा इतका छान आला होता! तिने तसं चित्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“सूचना फेटाळली,” धनेशपंत म्हणाले. “या चेंडूला उतारावरून सोडून द्या आणि फाइल पुसा.”

माकडं चेंडूकडे सरकली. तेव्हा अनसाबाई भानावर आली. ती चेंडूच्या आणि माकडांच्या मधे जाऊन उभी राहिली. काटे अजून उभेच होते, त्यामुळे माकडं थांबली. ती आबासाहेबांकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

“आबासाहेब, सदोबाला बोलायची रीत न्हाई. जन्मभर मुंग्यांशी संबंध, मोठ्या लोकांत वावर न्हाई. त्याला म्हणायचं होतं येगळंच.”

“काय म्हणायचं होतं?”

“तुमचा चेहरा मोठा. आता एवढा मोठा चेहरा, आन् हा कॉम्प्युटर त्याला टिकलीएवढा करायला निघाला. आता तुम्हीच सांगा, होणार हाय का ते? त्याची छाती फुटली. फुटणारच की!”

आबासाहेबांचे कान उभे राहिले.

“टिकलीएवढा? मला?”

“तर काय! रोज करतोय. चौसष्ट येळा केलाय.”

“चौसष्ट वेळा!” आबासाहेब गरजले. “धनेशपंत, हे कोणाच्या परवानगीने चाललंय?”

धनेशपंतांची चोच उघडी राहिली. 

“मी काय टिकलीएवढा आहे?” आबासाहेबांनी सभेला विचारलं.

“नाही! नाही!” सभा म्हणाली.

“तर मग माझा आदेश ऐका. आजपासून या कॉम्प्युटरमध्ये कोणाचाही चेहरा टिकलीएवढा दिसता कामा नये. फक्त नावं दिसतील. चेहरे फलकावर, पूर्ण आकारात!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनसाबाईने चेंडूवर हळूच टकटक केली. “सदोबा, ऊठ भाऊ. झालं तुझं काम.”

चेंडूतून आधी नाक आलं, मग जीभ आली. सदोबाने ती दोन ठिकाणी टेकवली. एवढंच काम होतं. पाच दिवस, अकरा वेळा बंद-चालू, लिंबू-मिरची, आणि शेवटी दोनदा जीभ टेकवायची.

फोल्डर उघडला. चेहरे नाहीत. नुसतं एक नाव, ‘शिल्पकार’पर्यंत. खिडकी पांढरी पडली नाही. चार श्वास झाले. दहा झाले. खिडकी उघडीच राहिली, आणि सदोबाने सोमवारचा व्हिडिओ लावला.

पडद्यावर पहाट झाली, मग दुपार झाली. कंदबाग दिसली. बागेत मंडपवाला रावजी रानडुक्कर आला. त्याच्याबरोबर त्याची पाच माणसं, म्हणजे डुकरंच, आणि खांद्यावर बांबू. झाडाच्या फांदीवर बसून हुकूम सोडत होते धनेशपंत.

“सहा खड्डे घ्या. फलक इथेच लावायचा. माती मऊ आहे.”

रावजीने नाकाने खड्डा घेतला. “पंत, ह्यात कंद निघत्यात.”

“मग काय त्यांची मिरवणूक काढायची? पाटीत टाका. संध्याकाळी जेवणाला होतील.”

“आन् फलक टाचायला ह्ये आणल्यात,” रावजी म्हणाला आणि त्याने काट्यांची जुडी दाखवली. “साळिंदरणीच्या दारात लई पडल्याली असत्यात.”

फलक उभा राहिला. मग पडद्यावर खुद्द आबासाहेब आले. त्यांनी फलक लांबून बघितला, जवळून बघितला, मान तिरकी करून बघितला.

“माझं डावं शिंग ऐनाच्या झाडाआड जातंय,” ते म्हणाले. “नाक्यावर न्या.”

फलक उपटला. उपटताना तीन काटे खाली पडले. रावजीने पाटीतला एक कंद पुसून आबासाहेबांच्या तोंडात दिला. “वाढदिवसाचा पहिला घास, आबा.”

“गोड आहे,” पडद्यावरचे आबासाहेब म्हणाले.

व्हिडिओ संपला.

 प्रत्येकाला आपापल्या पानावरचे दोन कंद आठवत होते. तरसाने सवयीने जिभल्या चाटल्या आणि मग घाईने तोंड मिटलं.

“म्या बी दोन खाल्लं,” अनसाबाई म्हणाली. तिच्याने राहवलं नाही.

“पंत!” आबासाहेब म्हणाले. “हे खड्डे तुम्ही घेतले होते, तर मंगळवारी बोलला का नाहीत?”

“ते खड्डे मंजूर होते, साहेब,” धनेशपंत म्हणाले. “मला वाटलं, चोरीचे खड्डे वेगळे असतील.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं.

आबासाहेबांनी थोडा विचार केला. थोडाच, पण केला. मग ते उभे राहिले.

“सभासदहो, चोरी झालेलीच नाही. कंदांचं सार्वजनिक वाटप झालं. वाटप आधी झालं आणि ठराव तेवढा राहून गेला. तो आता करू. अनसाबाई साळिंदर निर्दोष आहेत. त्यांनी आपल्या बिळात सुखाने राहावं.”

पिल्लांनी उड्या मारल्या. अनसाबाई सरळ घरी गेली. तिने पुढचं दार बघितलं, मागचं दार बघितलं, भिंतीला पाठ लावली, आणि मग ती पोटभर रडली. पाच दिवस साठलेलं रडू होतं. पिल्लांनी विचारलं, “आये, आता पवायला न्हाई जायचं व्हय?” तेव्हा ती रडता रडता हसली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. तुम्हाला झोपही लागली असती. पण अजून सोमवार राहिला आहे.

सोमवारी सकाळी अनसाबाई दारात ऊन खात बसली होती. सदोबा शेजारच्या वारुळात जीभ घालून न्याहारी करत होता. दोघांची आता चांगली गट्टी जमली होती. तेवढ्यात रावजी रानडुक्कर आला.

“अनसाबाई, थोडं काटं पायजे होतं.”

“कशाला?”

“नवा फलक हाय.” रावजीने गुंडाळी सोडून दाखवली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘अनसाबाई साळिंदर यांना न्याय मिळवून दिल्याबद्दल माननीय आबासाहेबांचे जाहीर आभार’. मधे आबासाहेब. वर आबासाहेब. खाली रांगाच रांगा.

“खड्डं कुठं घेणार?” अनसाबाईने विचारलं.

“कंदबागेत. माती मऊ हाय.”

सदोबाने वारुळातून जीभ काढली. त्याने रावजीकडे बघितलं, गुंडाळीकडे बघितलं आणि मग मोठ्या आशेने अनसाबाईकडे बघितलं. आता ही बोलेल, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. हिला बोलता येतं. काल सगळं जंगल हिने एका बोलण्यात फिरवलं.

अनसाबाई फलकाकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. ओढ्यावर आबासाहेब जसे उभे राहतात, तशीच.

“रावजी,” ती शेवटी म्हणाली, “मी कितव्या रांगेत हाय?”

“पहिल्या. आबांच्या शेजारी. मोठ्ठी.”

अनसाबाईने आत जाऊन काट्यांची जुडी आणली.

“बारा पुरतील का?” तिने विचारलं. “का आणखी देऊ?”

सदोबा गोल झाला. संध्याकाळी उघडेल म्हणून पिल्लं त्याच्याजवळ बसून राहिली. या खेपेला आतून आवाज आला नाही.

तात्पर्य : खरं बोलायला धैर्य लागतं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. धैर्य असलं तर उतारावरून ढकलून देतात. खरं नेहमी अशा बेताने बोलावं, की ज्याच्यामुळे घोळ झाला त्याला तो आपला सत्कार वाटला पाहिजे. मग पाच दिवसांचं काम दोन टिचक्यांत होतं. आणि दुसऱ्या दिवशी नव्या फलकासाठी कोणी काटे मागायला आलं तर मुकाट्याने द्यावेत. फक्त त्याआधी आपली रांग विचारून घ्यावी.